वादळात अडकलेल्या अनोळखी माणसाला आत घ्यायचं का? सोसायटी, वाडा आणि बंगल्यासाठी कामाची माहिती

१७ एप्रिल २०२३च्या संध्याकाळी पुण्याजवळच्या रावेत-किवळे भागात जोराचा वारा सुटला. रस्त्यावरची काही माणसं आडोसा म्हणून एका भल्यामोठ्या होर्डिंगखाली थांबली आणि तेच होर्डिंग त्यांच्यावर कोसळलं. पाच जण गेले. वादळात रस्त्यावर सापडलेल्या माणसाला जवळ उघडं गेट दिसलं नाही, तर तो झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली, भिंतीच्या कडेला, मिळेल तिथे उभा राहतो. यातली एकही जागा धड नाही.

"अनोळखी माणसांना आत घ्यायचं का?" हा प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर नेमका पाऊस सुरू झाल्यावर येतो. तेव्हा विचार करायला कोणाला फुरसत नसते, म्हणून "नको, उगाच कशाला" हे उत्तर जिंकतं. प्रश्नाची फोड केली की तो बराच सोपा होतो. छप्पर देणं वेगळं आणि घर देणं वेगळं. पार्किंग, लॉबी, क्लब हाउस, देवळाचा सभामंडप, मंडळाचा हॉल ही छपरं येईल त्याला द्यावीत. घराचा उंबरा मात्र मोजक्या वेळी, तोही शेजाऱ्याला बोलावून मगच ओलांडू द्यावा. पुढची सगळी माहिती या फरकावर उभी आहे.

पुण्याला हे नवीन नाही. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामाला येतात, आणि नाना पेठ, भवानी पेठ आणि आसपासच्या वाड्यांत, शाळांत, दुकानांच्या पडव्यांत वारकरी पथारी टाकतात. यजमानाला त्यातल्या एकेकाचं नाव ठाऊक नसतं. त्याला दिंडी ठाऊक असते, दिंडीचा प्रमुख ठाऊक असतो. बायका कुठे झोपणार, पाण्याचं पिंप कुठे, पहाटे आंघोळीला कुठे जायचं, सगळं ठरलेलं असतं. वादळात येणाऱ्या माणसांमागे अशी दिंडी नसते. ती चौकट आपल्याला कोरड्या दिवसांत उभी करून ठेवावी लागते.

आधी वादळाची जात ओळखा

कोण येणार, किती जण येणार आणि किती वेळ थांबणार, हे त्यावर ठरतं.

वळीव एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येतो. आधी धूळ, मग वारा, विजा, कधी गारा, आणि बहुतेक वेळा तासा-दीड तासात आभाळ मोकळं. अडकणारे म्हणजे दुचाकीवाले, डिलिव्हरीची पोरं, हातगाडीवाले, क्लासहून घरी निघालेली मुलं. त्यांना बसायला जागा आणि प्यायला पाणी पुरतं. इथे घात होतो तो विजेने आणि पडणाऱ्या झाडांनी. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं कोणालाही "थांबला आता, निघा" म्हणू नका; सरी थांबल्या तरी वीज पडू शकते. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप २० ते ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजांची सूचना देतं. ते वॉचमनच्या फोनवर असावं, फक्त सेक्रेटरींच्या नाही.

पावसाळ्याच्या अखेरच्या मोठ्या पावसाचा प्रकार निराळा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा फुगला. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीपर्यंत पाणी घरांत शिरलं, भिंती पडल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. अशा रात्री कुटुंबंच्या कुटुंबं येतात. अंगावरचे कपडे ओले, पायात चप्पल नाही, मोबाइल भिजलेला, कडेवर मूल. ती सकाळपर्यंत थांबणार हे धरूनच चाला.

तिसरा प्रकार विसर्गाचा. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की आधी भिडे पूल पाण्याखाली जातो, मग नदीपात्रातला रस्ता, आणि विसर्ग वाढत गेला की काठच्या वस्त्या आणि सोसायट्या. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीतून लोकांना बाहेर काढावं लागलं, लष्कराची मदत घ्यावी लागली. विसर्गात सूचना बहुधा आधी मिळते, पण मुक्काम लांबतो, एक-दोन दिवससुद्धा. तो पेलणं सोसायटीच्या आवाक्यात नसतं. सोसायटीने पहिले काही तास सांभाळायचे आणि मग लोकांना महापालिकेने उघडलेल्या शाळेत नीट पोहोचवायचं.

हवामान खात्याच्या भाषेत ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कामाला लागा. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे अतिजोरदार, त्यापुढे त्याहीपेक्षा वरची पायरी. पण शिवाजीनगरला नुसती भुरभुर असताना कात्रजच्या डोंगरावर धो धो पडत असू शकतो, म्हणून आकड्यापेक्षा आपल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते विचारणारा एक फोन जास्त कामाचा.

जागा: कुठे बसवायचं आणि कुठे अजिबात नाही

इथे घाई करू नका. चुकीच्या जागी दिलेला निवारा न दिल्यापेक्षा वाईट.

बेसमेंट पार्किंग बाद. आत्ता कोरडं ठणठणीत असलं तरी बाद. रस्त्यावरचं पाणी रॅम्पच्या तोंडाशी आलं की ते धबधब्यासारखं आत येतं, दिवे जातात आणि बाहेर पडायची वाट तीच असते जिथून पाणी येतंय. गाडी काढायला खाली जाणाऱ्या रहिवाशांनाही हे लागू आहे. ३० सेंटिमीटर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते. माणसाचा पाय सुटायला घोट्याच्या थोडं वर, १५ सेंटिमीटर पुरतं.

कंपाउंड वॉलच्या कडेला कोणालाही बसवू नका. २९ जून २०१९ला कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जण गेले. भिजलेल्या मातीचा दाब भिंतीच्या मागून येतो आणि समोरून काही दिसत नाही. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडा. सहा फुटांची भिंत असेल तर किमान नऊ-दहा फूट. भिंतीमागची जमीन आपल्यापेक्षा उंच असेल तर ती बाजूच पूर्ण सोडून द्या. भिंतीतल्या पाणी जाण्याच्या भोकांतून एरवी पाणी येतं आणि आज येत नाहीये, हे तिथून दूर व्हायचं लक्षण आहे.

मीटर रूम आणि पंपाच्या खोलीपासून माणसं लांब. २५ जुलै २०२४च्या पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत साचलेल्या पाण्यातून हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघे गेले. पाणी मीटरच्या पेटीकडे चढतंय असं दिसलं की पाण्यात उभं राहून स्विचला हात लावू नका. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर फोन करून डीपीवरून पुरवठा बंद करायला सांगा. लिफ्ट मात्र त्याआधीच, अलर्ट आला की लगेच, दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करायची. लिफ्टखालच्या खड्ड्यात पाणी गेलं तर अडकलेला माणूस आणि लाखभराचा खर्च, दोन्ही गळ्यात येतात.

चांगली जागा कोणती? पहिल्या मजल्यावरचं क्लब हाउस सगळ्यात उत्तम. नसेल तर उंच जोत्यावरची लॉबी. तेही नसेल तर स्टिल्ट पार्किंगचा मधला भाग, चारचाकी बाजूला काढून. जिन्यावर बसवावं लागलं तर जिन्याची अर्धी रुंदी मोकळी ठेवा, एखाद्याला उचलून न्यायची वेळ येऊ शकते.

माणसं किती मावतात ते आधी मोजून कागदावर लिहा. ३० बाय २० फुटांचा हॉल म्हणजे ६०० चौरस फूट, सुमारे ५६ चौरस मीटर. नुसतं बसायचं असेल तर माणशी १२ चौरस फूट धरून ५० जण. रात्रभर आडवं व्हायचं असेल तर निवाऱ्यांसाठी जगभर पाळलं जाणारं माप माणशी साडेतीन चौरस मीटर आहे, त्या हिशोबाने १६. एका रात्रीपुरतं २५ पर्यंत ताणता येतं, पण त्यापुढे वाद, दमट हवा आणि संडासाची रांग सुरू होते. २० माणसांमागे एक संडास असावा. क्लब हाउसला एकच असेल तर वॉचमनचा आणि ड्रायव्हरांचा संडासही उघडा, आणि वीज जाण्याआधी वरची टाकी भरून घ्या.

मे महिन्यात करायची कामं

पहिलं काम ठरावाचं. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चार ओळी नोंदवल्या की पुरतं: "हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असताना, अथवा प्रत्यक्ष वादळ वा पूर आल्यास, क्लब हाउस व लॉबी अडकलेल्या व्यक्तींसाठी विनामूल्य खुली ठेवावी. ती उघडण्याचा अधिकार ड्युटीवरील सुरक्षारक्षकास राहील. त्यासाठी पदाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची गरज नाही. संयोजक म्हणून दोन निरनिराळ्या विंगमधील सभासद राहतील."

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. रात्री दहा वाजता गेटवर उभ्या माणसाला "नाही" म्हणतो तो वॉचमन, आणि तो म्हणतो कारण काही झालं तर पगार त्याचा कापला जाणार असतो. त्याला तोंडी "माणुसकी दाखव" सांगून भागत नाही. ठरावाची प्रत त्याच्या केबिनमध्ये चिकटवा, त्याला वाचता येत असेल त्या भाषेत. एजन्सीच्या सुपरवायझरलाही एक प्रत द्या, कारण वॉचमन दर दोन महिन्यांनी बदलतात.

किल्ली तीन ठिकाणी असू द्या: केबिनमध्ये, आणि दोन संयोजकांकडे. क्लब हाउसची किल्ली कुलूपबंद ऑफिसात आणि ऑफिसची किल्ली गावाला गेलेल्या खजिनदारांकडे, हा प्रकार फार कॉमन आहे.

गेटवर पाटी लावा. पुणेरी पाट्यांची ख्याती कोणाला काय करू देणार नाही हे सांगण्याची आहे. एक उलटी लावायला हरकत नाही. "पावसात अडकलात? आत या. केबिनमध्ये नाव सांगा. पाणी आणि मोबाइल चार्जिंग आत आहे." अक्षरं तीन इंच उंच, वर एक बॅटरीवरचा दिवा.

मग पेटी. ३० माणसांच्या एका रात्रीसाठी: चटया किंवा सतरंज्या १५, जुन्या चादरी २०, टॉवेल १५, हेडटॉर्च दोन आणि चार्जिंगचे दिवे चार, मोठी पॉवर बँक दोन, वेगवेगळ्या पिनांच्या वायरी, ओआरएसची १० पाकिटं, पट्ट्या, कापूस, निर्जंतुक द्रव, सॅनिटरी पॅडची चार पाकिटं, लहान मुलांचे डायपर थोडे, साबण, शिट्टी, २० मीटर दोर, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, रजिस्टर आणि पेन्सिली. पेन ओल्या कागदावर चालत नाही. २० लिटरचे पाण्याचे जार तीन, ऐन वेळी नाही तर अलर्ट आल्या दिवशी. प्रत्येक रहिवाशाने एक जुनी चादर आणि एक टॉवेल दिला की निम्मी पेटी फुकटात भरते. फाटक्या देऊ नका. ओल्या माणसाला हातात काय मिळतं त्यावरून त्याला कळतं की त्याला आत घेतलंय की नुसतं सहन केलंय.

शेवटचं काम बाहेरचं. जवळच्या वस्तीतल्या मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांशी, समोरच्या शाळेच्या शिपायाशी, चौकीतल्या हवालदारांशी आधी ओळख करून ठेवा. पाण्यात अडकलेला माणूस वस्तीतला आहे की नाही हे तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा मंडळाचा कार्यकर्ता एका नजरेत सांगतो. ही ओळख दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. पानशेत धरण फुटून आलेल्या १९६१च्या पुरानंतर सहकारनगर भागात पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि २०१९ला त्याच भागात ओढा घुसला. बोटीतून बाहेर काढलेला फ्लॅटधारक दोन गल्ल्या पलीकडे अनोळखीच असतो.

गेटवरची तीन मिनिटं

आधी आत घ्या, मग विचारा. पावसात उभं करून चौकशी केली की माणूस चिडतो आणि चिडलेला माणूस संशयास्पद दिसतो. छपराखाली आल्यावर पाण्याचा पेला द्या आणि मग रजिस्टर उघडा.

विचारायची पद्धत साधी ठेवा. "दादा, नाव सांगा, घरच्यांना कळवायचं असेल तर नंबर द्या." वयस्कर असतील तर काका, मावशी, आजी. "कुठून आलात, कुठे निघालात? बरोबर कोण आहे? काही दुखापत, काही औषध चालू आहे?" एवढंच. रजिस्टरचे रकाने सहा: वेळ, नाव, मोबाइल, कुठून-कुठे, सोबत किती, कधी गेले. दिलेल्या नंबरवर तिथेच एक रिंग द्या आणि रकान्यात बरोबरची खूण करा. खोटा नंबर देणारा इथे अडखळतो, खऱ्याला काही त्रास होत नाही. मोबाइल बंद असेल तर घरच्या कोणाचा नंबर विचारा आणि तुमच्या फोनवरून बोलू द्या.

आधार कार्ड मागू नका, त्याचा फोटो तर अजिबात काढू नका. पुरातून पळालेल्या माणसाकडे कार्ड नसतं, आणि असलं तरी ते तुमच्या ग्रुपवर फिरणं हा त्याच्यावर अन्याय. नाव सांगायलाच नकार देणारा क्वचित भेटतो. त्याला छपराखाली राहू द्या, पण केबिनजवळ, उजेडात, आणि रजिस्टरमध्ये "नाव दिलं नाही" आणि वेळ लिहा.

काही जणांसाठी वेगळं:

एकटं मूल आलं तर दोन मोठ्या माणसांनी, त्यातली एक बाई, त्याच्याजवळ थांबायचं. लगेच चाइल्डलाइनच्या १०९८ किंवा पोलिसांच्या ११२ला फोन. न्यायला आलेल्याला मुलाने नावाने ओळखलं पाहिजे, त्याचा नंबर आणि सही रजिस्टरमध्ये हवी. "मी त्याचा काका" एवढ्यावर मूल देऊ नका.

एकट्या बाईला संयोजक बाईंशी गाठ घालून द्या, बायकांच्या कोपऱ्यात जागा द्या. ती पुरुषांबरोबर आली असली तरी एकदा बाजूला घेऊन "सगळं ठीक ना?" विचारा.

प्यायलेला माणूस बाहेर हाकलू नका. त्या अवस्थेत पाण्यात पडून मरायची शक्यता सगळ्यात जास्त त्याचीच. गेटजवळ कुशीवर झोपवा, पालथं किंवा उताणं नको. दांडगाई केली तर ११२.

परदेशी विद्यार्थी रात्रभर थांबले तर सकाळी चौकीला कळवा. परदेशी पाहुणा ठेवणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये कळवायची असते, आणि काय करायचं ते पोलिसच सांगतील. बाकी एका रात्रीच्या निवाऱ्याने कोणी भाडेकरू होत नाही, ती भीती मनातून काढा. माणसं रात्री राहणार असतील तर चौकीला नुसता आकडा सांगून ठेवा: पुरुष इतके, बायका इतक्या, मुलं इतकी. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ आहे, तिथून जवळच्या उघड्या शाळेचा पत्ता मिळतो.

रात्र

कायम दोघं जागे. दोन वेगवेगळ्या घरांतले, शक्य तर एक बाई एक पुरुष, तीन-तीन तासांची पाळी. कोणीही एकट्याने पाहुण्यांबरोबर बसायचं नाही. हा नियम पाहुण्यांच्या भल्यासाठीही आहे. उद्या कोणी काही आरोप केला तर दुसरा साक्षीदार असतो.

दिवा पूर्ण मालवू नका. चार्जिंगचा बोर्ड एकाच ठिकाणी, जागणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा, कारण अशा रात्री भांडण लागतं ते चार्जरवरून. पाकीट, दागिने ज्याचे त्याने जवळ ठेवावेत. "आमच्याकडे ठेवा" असं म्हणून जोखीम घेऊ नका.

ओले कपडे आधी. पुण्यात पावसाळी रात्री पारा विशीच्या आसपास असला तरी ओला माणूस वाऱ्यात गारठतो. कुडकुडणं थांबलं पण माणूस बडबडतोय किंवा गुंगीत आहे, तर तो बरा झालेला नाही, बिघडतोय. कोरडं करा, गुंडाळा, रुग्णवाहिकेच्या १०८ला फोन. शुद्धीत असेल तरच गोड गरम चहा.

३० जणांचा अर्धा कप चहा: दोन लिटर पाणी, सव्वा लिटर दूध, ६०-७० ग्रॅम चहा पावडर, आलं. साखर घालण्याआधी चार-पाच कप बाजूला काढा, मधुमेही कोणी ना कोणी असतोच. मग पाव किलो साखर.

जेवणाला मुगाची खिचडी. दोन किलो तांदूळ, एक किलो मूगडाळ, दहा लिटर पाणी, पाव लिटर तेल, ८० ग्रॅम मीठ, हळद, जिरं, हिंग. कांदा-लसूण नको, मिरची नको. मग जैन, उपवास सोडलेला, दोन वर्षांचं पोर, सगळे खातात. पातेलं १८-२० लिटरचं हवं, छोट्यात उकळी वर येते आणि गॅस विझतो. डाळ वीस मिनिटं भिजवा. उकळी आल्यावर आच मंद करा आणि पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवा, नाहीतर तळ करपतो आणि तो वास सगळ्या खिचडीला लागतो. स्वयंपाक कोणाच्या तरी घरात करा. माणसं झोपलेल्या हॉलमध्ये शेगडी किंवा जनरेटर चालवायचा नाही.

घरात एकटे असाल आणि बेल वाजली

बंगला, रो हाउस, जुना वाडा, किंवा सोसायटीत एकट्या आजी-आजोबांचं घर. इथे नियम वेगळे आणि ते पाळताना ओशाळून जायची गरज नाही.

सेफ्टी डोअर बंद ठेवून बोला. आधी शेजाऱ्याला फोन, मग बोलणं. अंगणातला पोर्च, ओसरी, गॅरेज उघडून द्या. पाणी, टॉवेल, बिस्किटं जाळीतून द्या. त्यांच्या वतीने ११२ला किंवा घरच्यांना फोन लावा. एवढ्यात जीव वाचतो. आत घ्यायची वेळ येते ती गारठलेलं मूल, गरोदर बाई, चालता न येणारा म्हातारा माणूस किंवा ओसरीपर्यंत चढणारं पाणी असेल तेव्हा. तेव्हाही शेजारी येईपर्यंत थांबा, बाहेरची खोली द्या, आतल्या खोल्यांना कडी लावा. शेजारी येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉल चालू ठेवा आणि आलेल्यांना तसं सांगा.

"तुमच्या घरात शिडी आहे का, गॅस आहे का" असं घर पाहत फिरणारा, मदत नाकारून फक्त आत यायचा हट्ट धरणारा, किंवा "आम्ही पालिकेचे आहोत, घर रिकामं करा" म्हणत ओळखपत्र न दाखवणारा माणूस आला तर दार न उघडता ११२. खाली करायचा आदेश खरा असेल तर तो गल्लीभर भोंग्यावर दिलेला असतो.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतं ते ग्रुपवर. "धरण फुटलं" हा निरोप पुण्यात दर मोठ्या पावसात फिरतो, कारण १२ जुलै १९६१ ची आठवण या शहराच्या हाडात आहे. आपत्तीबद्दल घबराट पसरवणारी खोटी सूचना देणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या रात्रीपुरता ग्रुप फक्त संयोजकांनी लिहायचा करून टाका.

दुसरं, पाहुण्यांचे फोटो. ओल्या कपड्यांतल्या बायकांचे, रडणाऱ्या मुलांचे फोटो "आपल्या सोसायटीचं सत्कार्य" म्हणून टाकले जातात. एकानेही काढायचा नाही, हे सुरुवातीलाच सांगा.

तिसरं, चेहरा बघून भेद. बॅग पाठीवर असलेल्या आयटीवाल्याला सोफा आणि बांधकामावरच्या मजुराला पायरी. भाषेवरून, कपड्यावरून, नावावरून हे नकळत होतं. उपाय एकच: सगळ्यांना एकच रजिस्टर, एकच चटई, एकच पेला, आणि आलेल्या क्रमाने जागा. एरवी डिलिव्हरीच्या मुलांना लिफ्ट नाकारणाऱ्या सोसायट्यांना हे जास्त जड जातं, म्हणून सराव करूनच बघावा.

काही हरवलं तर लगेच पाहुण्यांच्या पिशव्या तपासायला धावू नका. तपासणी पोलिसांचं काम. आधी हरवलेलं घरात शोधा. बहुतेक वेळा ते घरातच असतं.

आणि एक बारीकशी गोष्ट: पुराच्या पाण्याबरोबर साप चढतात. चटई टाकण्याआधी कोपरे, चपलांचा रॅक, कुंड्या टॉर्चने बघा. दिसला तर मारायचा नाही, माणसं मागे घ्या आणि अग्निशमन दलाच्या १०१ला फोन.

सकाळ

रस्ता पाहून यायला एकाला पाठवा, मगच निरोप द्या. वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तर थांबवा. जाताना प्रत्येकाची वेळ रजिस्टरमध्ये लिहा. गढूळ पाण्यातून आलेल्यांना आणि पायाला जखम असलेल्यांना साबणाने पाय धुवायला सांगा. दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाची भीती असते, प्रतिबंधक औषधाबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला तर पुरात भिजलो होतो हे आवर्जून सांगावं. ज्यांचं घर राहिलं नाही त्यांना शाळेपर्यंत कोणीतरी सोबत जावं, नुसता पत्ता सांगू नये.

मग हॉल धुवा, ब्लीचिंग पावडर टाका, चटया गच्चीवर वाळत घाला. ओल्याच गुंडाळल्या तर आठवड्यात बुरशी धरते आणि पुढच्या वेळी कोणी त्यावर बसत नाही. पेटीतलं काय संपलं त्याची यादी झाकणाच्या आत चिकटवा, दिवे चार्जिंगला लावा, आणि क्लब हाउसची किल्ली केबिनमधल्या खिळ्यावर परत अडकली आहे ना ते बघा.